वाफ धरणारं खोकं

थोरलीचं उभं आयुष्य वाफेशी भांडण्यात गेलं होतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात ती नवे नमुने करायची, आणि तिच्या वाट्याला आली होती पिझ्झाची खोकी. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, चार बाजू आणि एक झाकण. तसं वाटणाऱ्यांना समजावून सांगणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. भट्टीतून निघालेला पिझ्झा खोक्यात गेला की वाफ सोडतो. ती वाफ झाकणाला लागून गार होते आणि घामासारखी खाली ठिबकते. पुठ्ठा भिजतो, झाकण खाली बसतं, आणि उघडताना चीज सोबत घेऊन वर येतं. भोकं पाडावीत, तर वाफेबरोबर ऊबही निघून जाते. म्हणजे एकतर गरम आणि लिबलिबीत, नाहीतर कुरकुरीत आणि थंडगार. या दोन्हींच्या मधली वाट शोधता शोधता तिचे केस पिकले होते.

तिचे वडील पिझ्झा करायचे. त्यांना सगळी गल्ली उस्ताद म्हणायची, आणि उस्तादांचा खोक्यांवर दात होता. ज्याला खायचंय त्यानं भट्टीपाशी यावं, असं त्यांचं म्हणणं. थोरली कारखान्यात लागली तेव्हा ते म्हणाले होते, "खोक्यात घातलेला पिझ्झा म्हणजे परगावी दिलेली मुलगी. पोचते, पण तशी राहत नाही." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की दुकानातली गिऱ्हाइकं तो त्यांच्याआधीच पूर्ण करायची.

भट्टी त्यांनी स्वतः बांधली होती. कुठल्या कारागिराला हात लावू दिला नव्हता. घुमट किती उंच, तोंड किती रुंद, हे ठरवायला त्यांनी ती दोनदा पाडून पुन्हा बांधली. थोरली लहान असताना तिच्या हातात धुमसणारी कागदाची सुरळी देऊन ते तिला भट्टीच्या तोंडाशी उभं करायचे. धूर खालून आत शिरायचा, घुमटाला वळसा घालायचा आणि वरच्या कडेनं बाहेर पडायचा. "बघ, गार हवा खालून येते, तापलेली वरून जाते. हिला वाट दाखवली की ती निम्मं काम करते," ते सांगायचे. शाळेत जे शिकवलं ते ती विसरली, पण हे विसरली नाही.

आणि त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक खाऊन उठलं की उस्ताद त्याच्या ताटलीकडे बघायचे. पिझ्झाचा काठ हीच पीठ मळणाऱ्याची खरी परीक्षा, असं त्यांचं मत. मधला भाग काय, सॉस आणि चीज सांभाळून घेतात. ज्यानं काठ टाकले तो माणूस पुढच्या वेळी आला की उस्ताद त्याला सरळ सांगायचे, "पीठ संपलंय." शेजारच्या शाळेतल्या एका मास्तरांना तर सबंध वर्ष पीठ संपल्याचं ऐकावं लागलं. बिचाऱ्यांचे दात हलत होते, हे उस्तादांना नंतर कळलं. तरी ते म्हणाले, "मग त्यानं दूध प्यावं."

तर असा माणूस आता थोरलीच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि काहीही खात नव्हता.

दुकान आता धाकटा बघत होता. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचा संसार, जिना शिडीसारखा उभा. म्हणून वडिलांना थोरलीकडे आणलं होतं. दिवसा एक मावशी त्यांच्याजवळ असायच्या. सूप आणलं की उस्ताद नाक मुरडायचे, दूध घोटभर घ्यायचे, मऊ भात चमच्यानं भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायचे. "मी काय तान्हं बाळ आहे?" एवढंच म्हणायचे. उशाशी पाण्याच्या पेल्यात कवळी असायची. डॉक्टर आले की तेवढी ते घालायचे, दारात पाहुणा दिसल्यावर घाईनं सदरा चढवावा तशी.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. "वय झालंय, आणि मन उठलंय," ते जिन्यात थांबून म्हणाले. "पण तोंडानं काही गेलंच नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. थोडे दिवस वाट बघू. पुढच्या सोमवारी ठरवू."

आतून आवाज आला, "नळी घातलीत तर उपसून फेकीन."

डॉक्टर गेल्यावर मावशींनी खालच्या आवाजात सांगितलं, की उपसणाऱ्यांचे हात पलंगाला बांधतात. त्यांनी पाहिलं होतं. मऊ फडक्यानं बांधतात, लागत नाही, पण बांधतात. ते हात पीठ मळणारे, विटा रचणारे, पीठ भुरभुरवून भट्टीचा ताव ओळखणारे. ते बांधलेले बघायचे, या विचारानं तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आपणहून बोलले. "आणायचंच असेल तर भट्टीतलं आणा."

धाकटा दुपारी पिझ्झा घेऊन आला. दुकानातलं नेहमीचंच खोकं, थोरलीच्याच कारखान्याचं. गाव ओलांडून स्कूटरवरून यायचं, वाटेत गर्दी. पलंगावर बसून उस्तादांनी झाकण उघडलं. वाफेचा लोट तोंडावर आला आणि त्यांनी डोळे मिटले. मग बोटानं पिझ्झाचा तळ दाबून पाहिला.

"भिजलाय," ते म्हणाले. "हा आपल्या भट्टीतला नाही."

"बाबा, आत्ता काढलाय. मी स्वतः," धाकटा म्हणाला.

"मग तू भट्टी बिघडवलीस. ठेवा तिथे आणि जा."

दोघं बाहेर आले. धाकट्याचा चेहरा असा पडला होता की थोरलीला त्याच्याकडे बघवेना. वडिलांनी दुकान हातात दिल्यापासून त्यांच्या तोंडून 'बरा झालाय' एवढं ऐकायला तो तरसला होता. पहाटे उठून पीठ मळायचं, दुपारपर्यंत भट्टीसमोर भाजून निघायचं, आणि वर हे.

"यात चूक नाही तुझी," थोरली म्हणाली. "चूक माझ्या खोक्याची आहे."

आता पुढे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं नसतं. दुसऱ्यांनी म्हाताऱ्याची समजूत काढली असती, देवाला हात जोडले असते, नाहीतर सरळ नळी घातली असती. या दोघांनी वडिलांची तक्रार शब्दशः खरी मानली. पिझ्झा भिजलाय म्हणून बाबा खात नाहीत. मग न भिजणारा पिझ्झा पोचवायचा. दोघंही आपापल्या कामात मुरलेले, त्यामुळे दुसरं काही त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

थोरली कारखान्यात दिवसाचं काम उरकून नमुन्याच्या टेबलाशी थांबू लागली. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "एक जुनं दुखणं आहे, निस्तरतेय." तिनं तळाला उंचवटे दिले, म्हणजे पिझ्झा स्वतःच्या घामात बसणार नाही. आतला कागद खरखरीत, ओल पिणारा घेतला. पण खरं घोडं भोकांपाशी अडलं. कुठेही पाडली तरी ऊब जाई. शेवटी तिला ती धुमसणारी सुरळी आठवली. तिनं दोन बारीक फटी समोर, अगदी तळाशी ठेवल्या, आणि दोन मागे, झाकणाच्या वरच्या कडेला. खालून गार हवा थोडीशीच आत येणार, वाफेला ढकलत वर नेणार आणि मागून बाहेर काढणार. वडिलांची भट्टीच तिनं पुठ्ठ्यात दुमडली होती.

धाकट्यानं आपल्या बाजूनं पिठात पाणी कमी केलं, तळ पातळ ओढला, भट्टीत किंचित जास्त ठेवला. मग तो खोकं घेऊन गावाला चकरा मारून यायचा, आणि थोरली दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून झाकण उघडायची. सुरुवातीचे पिझ्झे मधेच बसले. एक इतका वाळला की धाकट्याची बायको म्हणाली, याची एक खुर्ची करा. तपासलेले पिझ्झे टाकवत नव्हते म्हणून दोन्ही घरी तेच जेवण. चौथ्या दिवशी धाकट्याच्या मुलीनं वास आल्याबरोबर दार लावून घेतलं. दोघांच्याही अंगातलं त्राण संपत आलं होतं. एकदा थोरली पायरीवर बसल्या बसल्या, मांडीवर उघडं खोकं घेऊनच झोपली, आणि धाकट्यानं तिला उठवलं नाही.

पण जमलं. रविवारी सकाळी धाकटा चक्कर मारून आला, थोरलीनं एक तुकडा उचलला, तो सरळ राहिला. नखानं वाजवला तर टक् वाजला. वर हात ठेवला तर गरम. दोघं एकमेकांकडे बघून हसले, कितीतरी दिवसांनी.

दुपारी तो पिझ्झा उस्तादांसमोर गेला. त्यांनी झाकण उघडलं. बोटानं तळ दाबला, काठावर नखानं टिचकी मारली. चेहरा उजळला.

"हां," ते म्हणाले. "हा आपला."

धाकटा खिडकीकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला कुणाला दाखवायचे नव्हते. थोरलीनं एक तुकडा काढून वडिलांपुढे धरला.

"ठेव," ते म्हणाले. "नंतर खातो."

"गरम आहे तोवर खा ना, बाबा."

"म्हटलं ना, नंतर." आणि ते भिंतीकडे वळले.

संध्याकाळी मावशींनी खोकं जसंच्या तसं खाली आणलं. एक तुकडा उचलून पुन्हा ठेवल्यासारखा वाटत होता, बाकी सगळा गोल पिझ्झा थंडगार पडला होता. थोरलीनं धाकट्याला फोन करून ते सांगितलं. तो म्हणाला, "मग हवंय तरी काय या माणसाला? ताई, मी हात टेकले. उद्या डॉक्टरांना सांग, घाला नळी."

"असं नको बोलू."

"मी थकलोय गं. खरंच थकलोय."

थोरलीही थकली होती, पण दोघांनी एकदम थकून चालणार नव्हतं.

सोमवारी डॉक्टर संध्याकाळी येणार होते. सकाळी ती कारखान्यात गेली ती केवळ घरात बसवेना म्हणून. जाताना सवयीनं तिनं घरातली वापरलेली खोकी उचलून नेली. तिच्या कामात ही जुनी पद्धत होती: वापरलेलं खोकं कचऱ्यात टाकायचं नाही. ते परत आणायचं, कोपरे कापून सपाट करायचं, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पसरायचं आणि बघायचं. कुठे ओल मुरली, कुठे तेल झिरपलं, तुकडे कुठून उचलले गेले, सगळं पुठ्ठ्यावर दिसतं. म्हणूनच मावशींनाही तिनं बजावून ठेवलं होतं, की उरलंसुरलं टाका, पण खोकं बाजूला ठेवा.

कालचं खोकं तिनं आधी पसरलं. स्वच्छ. तळाला नावापुरता तेलाचा गोल. नमुना म्हणून यापेक्षा चांगलं खोकं तिनं आजवर केलं नव्हतं. तिनं ते बाजूला सारलं.

मग हाताला पहिल्या दिवशीचं खोकं लागलं, ते नेहमीचं, भिजलेलं. तिनं ते नुसतंच कापून पसरलं, आणि फेकायला उचलणार तेवढ्यात थांबली.

खोक्याच्या मधोमध पुठ्ठा खरवडलेला होता. ओल्या पुठ्ठ्यावर बोटांच्या रेघा उमटल्या होत्या, बाहेरून आत, बाहेरून आत. कुणीतरी पिझ्झाचा मऊ भाग बोटांनी गोळा केला होता, लहान मूल ताटलीतलं शेवटचं निपटतं तसा. सॉसचा ठिपका उरला नव्हता. आणि सभोवार, कडेकडेनं, कमानीसारखे कोरडे डाग एकाला एक लागून पडले होते. तिथे काठ होते. ते कुणी उचलले नव्हते.

झाकणाची पाकळी आत खोचलेली होती, पण उलट बाजूनं. ज्यानं आयुष्यात कधी खोकं बंद केलं नाही, तोच ती अशी खोचेल.

थोरलीनं मावशींना फोन लावला. "मावशी, त्या पहिल्या दिवशीचा पिझ्झा तुम्ही टाकलात ना? किती होता?"

"काठ होते नुसते," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही बहीणभावांनी खाल्ला. का हो?"

"काही नाही," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

उस्तादांनी खाल्लं होतं. नाक मुरडून, मुलाचा अपमान करून, सगळ्यांना खोलीबाहेर काढून मग खाल्लं होतं. कवळी सैल झाली होती, हिरड्या झिजल्या होत्या, आणि भिजलेला, वाफेनं मऊ पडलेला मधला भाग तेवढा त्यांना खाता येत होता. काठ चावता येत नव्हते. ज्या माणसानं काठ टाकणाऱ्यांना वर्षानुवर्षं दारातून परत पाठवलं, तो स्वतःचे टाकलेले काठ कुणाला दाखवणार? त्यापेक्षा त्यांनी उपाशी राहणं पसंत केलं. आणि त्यांच्या दोन हुशार मुलांनी घाम गाळून, जीव मेटाकुटीला आणून, काय केलं होतं? त्यांना खाता येत होतं तेवढंही बंद केलं होतं.

तिला हसू आलं आणि रडूही. मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. तिचे दुधाचे दात पडले होते तेव्हा समोरचे सगळे एकदमच गेले होते, आणि नवे येता येत नव्हते. काठ चावता येत नाही म्हणून ती दुकानात भोकाड पसरून बसली. तेव्हा वडिलांनी भट्टीतून पांढुरकाच पिझ्झा काढला, त्यावर पातेलं उपडं घातलं आणि म्हणाले, वाफेत बसू दे जरा. थोड्या वेळानं पातेलं उचललं तर सगळा लोण्यासारखा मऊ. दात येईपर्यंत ते रोज तिच्यासाठी असा करत होते, गिऱ्हाइकांना न दाखवता.

ती उठली आणि नमुन्याच्या टेबलाशी गेली. आजवर जे जे टाळायला शिकली होती ते सगळं तिनं एकत्र केलं. भोकं नाहीत. झाकण दुहेरी, दोन थरांत हवा कोंडलेली. आतून तेलकट कागद, ओल न पिणारा. तळ सपाट. झाकणाला मधे किंचित खोलगटपणा, म्हणजे ठिबकणारं पाणी कडेला न जाता मधेच पडेल. पाकळ्या घट्ट. साहेब मागून येऊन बघत उभे राहिले.

"हे काय करताय? यात तर पिझ्झाचा लगदा होईल."

"होऊ दे, साहेब," ती म्हणाली. "तोच करायचाय."

धाकट्याला पटवणं जास्त अवघड गेलं. ती खोकं काखेत मारून दुकानात पोचली, तेव्हा तो भट्टीसमोर लांब दांड्याचं फावडं घेऊन उभा होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता फावडं भिंतीला टेकवून पिठाच्या पोत्यावर बसला.

"म्हणजे पहिला आवडला होता त्यांना?"

"निपटून खाल्लाय, अरे. पुठ्ठ्यासकट खाल्ला असता."

त्यानं पिठानं भरलेले हात पोत्यावर पुसले. मग म्हणाला, "कच्चट काढायचा, असंच ना? पीठ सैल, मधे जाड. गिऱ्हाइकांसमोर?"

"लपवून काढ. बाबांनीही काढलाय कधी तरी."

त्यानं काढला. तीन भाजलेल्या पिझ्झांच्या मागे तो फिकट पिझ्झा चोरासारखा सरकवून त्यानं खोक्यात घातला, आणि झाकण लावताना तोंड असं केलं की थोरलीला हसू आवरेना.

डॉक्टर यायच्या आत दोघं घरी पोचले. उस्ताद भिंतीकडे तोंड करूनच होते. पेल्यात कवळी होती.

"बाबा, पिझ्झा आणलाय."

"कालचा आहे अजून."

"हा नवा आहे. उठा जरा."

ते कण्हत उठले. थोरलीनं खोकं अगदी त्यांच्या तोंडाजवळ धरून झाकण उघडलं. कोंडलेली सगळी वाफ एकदम वर आली, भाजल्या टोमॅटोची, चीजची, आंबलेल्या पिठाची. उस्तादांनी डोळे मिटले, आणि या खेपेला थोरलीनं ते नीट पाहिलं. पहिल्या दिवशी तिला ती नाराजी वाटली होती. ती भूक होती.

त्यांनी बोट टेकवलं. बोट आत गेलं.

"भिजलाय," ते म्हणाले. "पार लगदा झालाय."

"हो बाबा," थोरली म्हणाली. "माझं खोकं चुकलं."

"इतकी वर्षं काय केलंस कारखान्यात?"

"काय सांगू."

"आणि तू," ते धाकट्याला म्हणाले, "हा कच्चा काढलायस. आंधळ्याला दिसेल."

"घाई झाली, बाबा," धाकटा मान खाली घालून म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण जमलं.

"ठेवा तिथे. आणि जा सगळे. दार लावा."

मावशींना चहाच्या निमित्तानं खाली पाठवलं आणि दोघं जिन्यात बसले. धाकट्यानं भिंतीला डोकं टेकलं. बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही. मग पुठ्ठ्यावर बोटं फिरल्याचा आवाज आला, खर्, खर्, आणि थोरलीनं भावाचा हात घट्ट धरला. मग पाकळी खोचल्याचा आवाज. मग पाण्याचा पेला.

ती आत गेली. ते भिंतीकडे वळलेले होते. खोकं बंद होतं, पाकळी उलट बाजूनं खोचलेली. तिनं ते न उघडता उचललं. जिन्यात आणून दोघांनी झाकण वर केलं. काठ तेवढे उरले होते, एकाला एक लावून गोल मांडलेले, मधे रिकामं. डॉक्टर केव्हाही येणार होते, मावशी वर येणार होत्या. धाकट्यानं एक काठ उचलला आणि चावायला लागला. थोरलीनं दुसरा उचलला. काठ चिवट होते, कच्चे होते. दोघांनी सगळे संपवले.

डॉक्टरांनी रिकामं खोकं पाहिलं, नाडी पाहिली आणि नळीचा विषय काढला नाही. जाताना जिन्यात विचारलं, "काय केलंत?" थोरली म्हणाली, "बिघडवलं थोडं." त्यांना ते कळलं नाही, पण दमलेल्या माणसाला आणखी विचारू नये एवढं त्यांना कळत होतं.

मग ते रोजचंच झालं. धाकटा रोज लपवून एक कच्चट पिझ्झा काढायचा, थोरली तो वाफेत कोंडून आणायची, उस्ताद रोज बोट घालून तपासायचे आणि रोज दोघांचा उद्धार करायचे. त्यांच्या आवाजात हळूहळू धार यायला लागली. एकदा तर ते म्हणाले, की असल्या खोक्यात मी चपलासुद्धा ठेवणार नाही. मग दार लागायचं, आणि जिन्यात बसलेली दोन मुलं थोड्या वेळानं काठ खायची. थोरलीचा जबडा दुखायचा. कारखाना, घर, दुकान, पुन्हा घर. पायाचे तुकडे पडायचे. हे किती दिवस चालणार, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि कधी संपेल तेव्हा काय संपलेलं असेल, याचा विचार दोघंही करत नव्हते.

एका संध्याकाळी धाकटा दुकानात अडकला म्हणून ती एकटीच आली. खोकं ठेवलं, शिव्या ऐकून घेतल्या. वळून जाताना तिला उगाचच वाटलं की काहीतरी बोलायला हवं.

"बाबा, खोकं अजून जमत नाहीये मला," ती म्हणाली. "नीट व्हायला आणखी थोडा वेळ लागेल."

उस्ताद भिंतीकडे बघत होते. उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"लागू दे," ते म्हणाले. "घाई करू नकोस, पोरी. तुझे दात यायलासुद्धा बराच वेळ लागला होता."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. दार लावून घेतलं, जिन्यात बसली आणि आतून खोकं बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबली.